आठ डिग्रीचा समुद्र

"परभणीचा उन्हाळा म्हणजे समुद्र नसल्याचा पुरावा," असं आमचे सर दर एप्रिलला म्हणायचे. शिक्षकांच्या खोलीतला पंखा गरम हवा खाली ढकलायचा, आम्ही सगळे ओल्या रुमालानं माना पुसत बसलेलो, आणि सर नकाशापुढं उभे राहून, कुणी विचारल्यासारखे, सांगत सुटायचे की पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. म्हणून समुद्राकाठच्या लोकांना नुसता घाम आणि आपल्याला भट्टी. एकदा पीटीच्या सरांनी वैतागून नेहमीची म्हण फेकली, "असू द्या हो सर, जगात जर्मनी, भारतात परभणी!" सर शांतपणे म्हणाले, "जर्मनीला समुद्र हाय." त्यानंतर आमच्या शाळेत ती म्हण कुणी काढली नाही.

सोनपेठच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि ते विज्ञान. बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या शेजारी बावीस वर्षं काढणं म्हणजे चेष्टा नव्हे. डबा उघडला की पहिला घास खाऊन ते आकडा सांगायचे. "आज वरणात लिटरमागं दहा ग्रॅम." समुद्रात लिटरमागं पस्तीस, म्हणजे चहाचे सात चमचे. हा आकडा शाळेच्या शिपायापासून हेडसरांपर्यंत सगळ्यांना पाठ झाला होता. भाजी खारट झाली की आमच्याकडं अजूनही "पस्तीस झाली" म्हणतात.

आता एवढं समुद्राचं वेड, तर माणूस दर सुट्टीत कोकणात पळाला असेल असं वाटेल. कुठलं काय! सरांना गाडी लागायची. साधं परभणीला ट्रेनिंगला जायचं तरी आदल्या दिवशी जेवण बंद, खिशात दोन लिंबं, आणि अर्ध्या वाटेत एसटी थांबवायची पाळी यायचीच. कंडक्टर आधीच विचारून ठेवायचा, "सर, आज कुठं थांबायचं?" कॉलेजात असताना एकदाच सहलीत समुद्र बघितला होता त्यांनी. तोही अर्धा दिवस, आणि त्यातला निम्मा वेळ वाळूत आडवं पडून. "पर चव घेतली," ते सांगायचे. "खारट तर मीठबी असतंय बाई. समुद्र मागनं कडू लागतोय. ते मॅग्नेशियम." एवढ्या एका चुळीवर त्या माणसानं पुढचा सगळा जन्म काढला.

मग मोजायला समुद्राच्या पाण्याचे नमुने आणायचे कुणी? सरांनी जी युक्ती काढली ती त्यांनाच सुचू शकते. आमच्या भागातली माणसं समुद्र बघायला जात नाहीत, देवाला जातात. देव समुद्राकाठी असला तर समुद्र आपोआप बघून होतो. द्वारका, रामेश्वर, कन्याकुमारी, पुरी, गणपतीपुळे. यात्रेची गाडी ठरली असं कळलं की सर सायकलवरनं त्या घरी हजर. पिशवीत रिकाम्या बाटल्या आणि चिठ्ठ्या. "देवाला माझा नमस्कार सांगा, आन् येताना हे भरून आणा."

सुरुवातीला त्यांनी बाटल्या आणल्या त्या बारच्या मागून, क्वार्टरच्या. धुऊन, उकळून, स्वच्छ केलेल्या, पण शेवटी क्वार्टरच. रामेश्वरला निघालेल्या एका आजीनं बाटली हुंगली आणि सरांना दारातनं हाकललं, "मेल्या, दारूच्या बाटलीत तीर्थ भरू व्हय?" शिवाय बारच्या मागं वाकून बाटल्या वेचणारे सर अर्ध्या गावानं बघितले होते. महिनाभर गावात चर्चा, 'सर प्यायला लागले वाटतं.' त्यांचं नाव बाटलीवाले सर पडलं ते तेव्हापासून. पुढं ते सरबताच्या बाटल्या द्यायला लागले, पण नाव काही गेलं नाही.

नियम कडक होते. गुडघाभर पाण्यात जायचं. बाटली आधी त्याच पाण्यानं तीन वेळा विसळायची. मग पूर्ण बुडवून भरायची, बूच पाण्याखालीच लावायचं आणि वर मेण. बायकांनी याचं व्रत करून टाकलं. तीन वेळा विसळताना तीन नावं घ्यायची, बूच लावताना बोलायचं नाही. सरांना ते आवडलं. "देवाच्या नावानं का हुईना, विसळतेत तर," म्हणायचे.

चिठ्ठीवर रकाने होते. ठिकाण, तारीख, वेळ, भरती का ओहोटी, पाण्याचा रंग, भरणाऱ्याचं नाव, शेरा. लिहिता येत नसेल त्यांनी परत आल्यावर कुणाकडून तरी लिहून घ्यायची, पण प्रत्येक रकाना भरायचा. रेघ मारायची नाही, आणि वरीलप्रमाणे लिहायचं नाही. या 'वरीलप्रमाणे'चा सरांना भयंकर राग. पोरांच्या प्रयोगवहीत तो शब्द दिसला की पानच फाडायचे. "वरचं वाचन वरचं, खालचं खालचं. तुझा कालचा ताप आन् आजचा ताप वरीलप्रमाणे असतो का रे?" मी एकदा त्यांना म्हटलं, सर, सरकारी कामकाज या शब्दावर चालतं. ते म्हणाले, "म्हणूनच तसं चालतंय."

आणि मोजायचे कशानं, तर दुधाच्या काट्यानं. गावातल्या दूध संकलन केंद्रात तो असतो तोच काचेचा, दुधात सोडला की तरंगतो आणि डिग्री दाखवतो. दूध चांगलं असेल तर अठ्ठावीस-तीस, पाणी घातलं असेल तर खाली. सरांनी हिशोब केला होता की समुद्र पंचविसाच्या आसपास येतो, म्हणजे याच काट्यात बसतो. मग महागाचं यंत्र कशाला? केंद्रावरच्या माणसाकडून एक जुना काटा मागून आणला आणि बावीस वर्षं तोच वापरला. "समुद्र म्हणजे जरासं पातळ दूध," असं ते पोरांना सांगायचे. द्वारकेला सव्वीस, रामेश्वरला पंचवीस, पुरीला एकवीस-बावीस. पूर्वेकडं डिग्री कमी का, तर तिकडं मोठ्या नद्या समुद्रात उतरतात. पण डिग्री काहीही असो, मिठाची वाटणी सगळीकडं तीच. साधं मीठ इतकं, कडू मीठ इतकं, बाकीचं इतकं. "घरं वेगळी, पर खानदान एक," असं सांगताना त्यांचा गळा भरून यायचा. आम्ही एकमेकांकडं बघून हसू दाबायचो.

विज्ञान दिनाला प्रयोगशाळेत बाटल्या ओळीनं मांडायच्या, यात्रेकरूंना घरच्यांसकट बोलवायचं, आणि सगळ्यांसमोर काटा सोडून डिग्री सांगायची. मग निम्मं पाणी बाटलीसकट ज्याचं त्याला परत. आमच्याकडं यात्रेहून आलं की मावंदं घालतात. आणलेल्या पाण्याची पूजा करायची, माणसं जेवू घालायची. तोवर यात्रा पुरी झाली असं धरत नाहीत. हळूहळू गावानं प्रथाच पाडली. आधी सरांची डिग्री, मग मावंदं.

तर त्या वर्षी आमच्या सासूबाई पुरीच्या यात्रेला गेल्या.

सासूबाईंविषयी दोन शब्द. बाई करारी. शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण घरातला हिशोब तोंडपाठ. पोखर्णीचा नरसिंह त्यांचं कुलदैवत, आणि देवानंतर जगात त्यांचा स्वतःच्या शब्दावर विश्वास. माझ्या प्रत्येक कामात त्यांना खोट दिसायची. कणीक सैल, बोलणं तोडकं, पदर आखूड. पंधरा वर्षं मी ते ऐकत आले होते. मी शिकलेली आणि त्या अडाणी, एवढा एक हुकमाचा पत्ता माझ्या हातात होता, आणि तो मी मनातल्या मनात रोज खेळायची.

दिवाळीनंतर गाडी परत आली. सासूबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी, तिघींच्या तीन बाटल्या. संध्याकाळी तिघी चिठ्ठ्या लिहून घ्यायला माझ्यापुढं बसल्या. मला सहामाहीचे पेपर तपासायचे होते, दोन गठ्ठे शिल्लक होते. पहिलीनं सांगितलं, मी लिहिलं. ठिकाण पुरी, वेळ सकाळ, रंग निळा. दुसरीनं तेच सांगितलं. मग सासूबाईंचा नंबर.

"माझं येगळं हाय," त्या म्हणाल्या. "मी पुरीचं वतून दिलं. येताना गाडी अंतर्वेदीला थांबली, तितं आपला नरसिंह हाय. म्हणलं भरायचं तर आपल्या देवाच्या दारातलं. तितलं पानी गढूळ हुतं बग, तांबूस. आपल्या गोदामाईवानी. आन्…"

"हो हो, लिहिते," मी म्हटलं. त्यांना प्रत्येक गोष्टीत नरसिंह दिसतो हे मला माहीत होतं, आणि माझं अर्धं लक्ष गठ्ठ्यात होतं. तिसऱ्या चिठ्ठीवर मी नाव लिहिलं आणि बाकी रकान्यांवर एक कंस टाकून लिहिलं, वरीलप्रमाणे. तिन्ही चिठ्ठ्या टाचणीनं एकत्र लावल्या.

सरांनी त्या हातात घेतल्या तेव्हा तिसरीवर त्यांची नजर अडकली. त्यांनी कान खाजवला. माझ्याकडं बघितलं. पोराची असती तर फाडली असती. पण मी मराठीची बाई, शेजारच्या टेबलावरची. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली.

विज्ञान दिन आला. प्रयोगशाळेत दाटी. हेडसर, आम्ही सगळे, पोरं, यात्रेकरू. सासूबाई नऊवारी नेसून पहिल्या बाकावर, हात मांडीवर. तिसऱ्या दिवशी मावंदं ठरलेलं होतं. पोखर्णीहून गुरुजी यायचे होते, पन्नास पानांचं आवतन गेलं होतं.

सरांनी पहिली बाटली नळकांड्यात ओतली. काटा सोडला. "एकवीस." दुसरी. "एकवीस." टाळ्या. तिसरी ओतली आणि काटा सोडला तर तो खाली खाली जातच राहिला. सर खाली वाकले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"आठ."

कुणाला काही कळलं नाही. सरांनी बाटली उजेडाकडं धरली. तळाशी बोटभर गाळ बसला होता, काळसर. त्यांनी तो चिमटीत घेऊन चोळला, हुंगला. आणि मग जे बोलले ते त्या माणसाला शोभणारंच होतं, कारण काट्यापुढं त्यांना माणूस दिसायचा नाही.

"ह्यात भेसळ हाय. गोदावरीचं पानी घातलंय. माती आपलीच हाय."

मागून एक पोरगं खुदकन हसलं. दूध केंद्रावर भेसळीचं माप सगळ्या गावाला माहीत. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"मी घातलं न्हाई. कुटं भरलं, कसं भरलं, समदं माझ्या सुनंला सांगलंय. तिनं लिवलंय. तिला इचारा."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. हेडसरांचीही. सरांनी चिठ्ठी पुढं धरली. आता खरं सांगायचं तर मला सगळं आठवलं होतं. अंतर्वेदी, गढूळ, तांबूस, एकूण एक शब्द. एका वाक्यानं भागलं असतं. पण ते वाक्य असं होतं की मराठीच्या बाईंनी सासू बोलत असताना ऐकलं नाही आणि वरीलप्रमाणे लिहून मोकळ्या झाल्या. समोर माझाच वर्ग बसला होता.

"त्यांनी जे सांगितलं," मी म्हटलं, "तेच मी लिहिलंय." चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग पदर सावरला आणि निघून गेल्या. बाटली तिथंच राहिली.

घरी आल्यावर मी भांडणाची वाट बघत होते. भांडण झालं नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याला एवढंच सांगितलं की पोखर्णीला फोन कर, गुरुजींना म्हणावं येऊ नका. "माझा शब्द खोटा पडलाय. खोट्या पान्याचं मावंदं घालीत नसतेत." नवऱ्यानं समजावलं, नणंद येऊन रडली, नाही म्हणजे नाही. भजनाला जाणं त्यांनी बंद केलं, कारण तिथं एक बाई म्हणाली होती, आमच्या म्हशीला आठ डिग्री लागली तर केंद्रवाले दूध गटारात वततेत. त्या वर्षी त्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. पुन्हा तेवढी यात्रा होणार नव्हती, आणि झाली ती पुरी झाली नव्हती. आणि माझ्या कामात खोट काढणं त्यांनी सोडून दिलं. कणीक सैल झाली तरी मुकाट जेवायच्या. मला लाज वाटायची. रोज वाटायचं, आज सांगून टाकू. मार्च गेला, एप्रिल गेला, सर नकाशापुढं उभं राहून मुंबईचं तापमान सांगत राहिले, आणि मी ओल्या रुमालानं मान पुसत राहिले.

मे महिन्यात, भर दुपारी, ज्या वेळी आमच्याकडं कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही, सर आमच्या दारात. डोक्याला पंचा, सायकलला पिशवी. सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सरांचा आवाज ऐकला, पाण्याचा तांब्या माझ्या हाती बाहेर पाठवला, स्वतः आल्या नाहीत. सर ओसरीवर बसले आणि पिशवीतून ती बाटली काढली.

"बाई, मला झोप येईना," ते म्हणाले. "मी ह्याच्यातलं थोडं पानी आटवून मीठ बगितलं. कॉलेजातनं औषधं आणून वाटणी काढली. मीठ थोडंच हाय, पर वाटणी समुद्राची हाय. म्हंजी घरचं मीठ कालवलेलं न्हाई. समुद्र खरा हाय. आन् गोदावरीबी खरी हाय."

"मग?" मी म्हटलं.

"मग असं की, दुधात पानी घालणाऱ्याला दोन पैसे सुटतेत. समुद्रात पानी घालून कुणाला काय सुटतंय? आईंनी कामून घालावं? फायदा न्हाई तितं माणूस भेसळ करीत नसतंय." त्यांनी खिशातनं चिठ्ठ्या काढल्या. टाचणी गंजली होती. तिसरी माझ्यापुढं धरली. "तीन महिने मी काट्यावर संशय घेतला, बाटलीवर घेतला, आईंवर तर चारचौघांत घेतला. ह्या चिठ्ठीवर घेतला न्हाई. ही मी दिवाळीतच परत करायला पायजे हुती. तुमी लिवलीय म्हणून ठेवून घेतली. बाई, हे वरीलप्रमाणे… हे त्यांनी सांगलं का?"

आतला तांदळाचा आवाज थांबला.

"नाही," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. पेपरचे गठ्ठे, पुरीचं ओतून दिलेलं पाणी, अंतर्वेदी, नरसिंहाचं दार, गढूळ, तांबूस, गोदामाईवानी. सांगता सांगता रडू आलं. आता हा माणूस काय बोलेल, गावभर काय होईल, याला मी तयार होते.

पण सरांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ते उठून उभे राहिले होते. डोक्यावरचा पंचा खाली पडला होता.

"अंतर्वेदी!" ते म्हणाले. "आवो, गोदावरी तितंच समुद्रात उतरती! गेल्या साली परतीचा पाऊस लय झाला, दिवाळीपस्तोर आपल्या घाटाला तांबडं पानी हुतं. तेच गेलं की हिकडून! गोडं पानी हलकं, बाई, ते खाऱ्याच्या वरच तरंगतंय, लगेच मिसळत न्हाई. आईंनी वरवर बुडवली आसंल बाटली. ही माती आपलीच हाय, म्हणलो न्हवतो का मी! आपल्या घाटाखालनं गेलेली!" आणि तो माणूस हसायला लागला. डोळ्यांत पाणी, हातात बाटली, आणि हसतोय. "पोचती की ती! तितवर पोचती!"

मला रागच आला. मी इथं काळीज काढून ठेवलंय आणि यांना नदी पोचल्याचा आनंद! पण थोड्या वेळानं ते खाली बसले, पंचा उचलला, तांब्यातलं पाणी प्यायले, आणि आतल्या दाराकडं तोंड करून हात जोडले.

"आई, माझं माप बरोबर हुतं. इन्साफ चुकला. चारचौघांत बिघडलंय, चारचौघांतच दुरुस्त करतो. तुमी मावंदं घाला."

आत तांदूळ निवडायचा आवाज पुन्हा सुरू झाला. सर बाटली ओसरीवर ठेवून उन्हात निघून गेले. रात्री जेवताना सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पोखर्णीला फोन लाव."

आठ दिवसांनी मावंदं झालं. पुरणपोळी, आमरस, पन्नासाची ऐंशी पानं. त्या दिवशी प्रयोगशाळेत होते ते सगळे आले, कारण सरांनी सायकलवर फिरून एकेकाला आवतन दिलं होतं. हेडसरही आले. भजनातली ती म्हशीवाली बाईही. पाटावर कलश, शेजारी सरबताची बाटली, तिला हळदकुंकू. पूजा झाली आणि सर उभे राहिले. कधी नव्हे ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांनी नदी समुद्राला कशी मिळते, गोडं वर आणि खारं खाली कसं राहतं, ते सगळं सांगितलं. दोन रंगांचं पाणी एका पेल्यात भरूनही दाखवलं. मग म्हणाले, "मी ह्या माउलीला भेसळखोर म्हणलो. मी चुकलो." आणि सासूबाईंच्या पाया पडले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी सैपाकघराच्या दारात उभी होते, पोळ्यांचं ताट घेऊन, आणि देवाशप्पथ सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

"उटा मास्तर," सासूबाई म्हणाल्या. "कोरी चिठ्ठी हाय का खिशात?"

सरांच्या खिशात ती नेहमीच असायची.

"सूनबाई, हिकडं ये. ताट ठिव खाली. लिही."

मी पाटासमोर बसले. सरांनी पेन दिलं. ऐंशी माणसं बघत होती. सासूबाई सांगत गेल्या, एकेक रकाना, सावकाश, आणि मी प्रत्येक शब्द लिहिल्यावर मान वर करेपर्यंत पुढचा सांगायच्या नाहीत. ठिकाण, अंतर्वेदी, नरसिंहाच्या दारात. वेळ, दिवस उगवून कासराभर वर आल्यावर. ओहोटी. रंग, गढूळ, तांबूस, आपल्या गोदामाईवानी. भरणाऱ्याचं नाव. मग त्या थांबल्या.

"शेऱ्यात लिही. भेसळ गोदावरीनं केली."

सगळी माणसं हसली. सर सगळ्यांत मोठ्यानं. मी लिहिलं आणि उठायला लागले.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "मास्तर, ह्याच्यात लिवणाऱ्याच्या सहीची जागा कुटं हाय?"

"न्हाई आई," सर म्हणाले. "ते राहिलंच हुतं." त्यांनी खिशातनं सहा इंची पट्टी काढली, चिठ्ठीच्या तळाशी सरळ रेघ मारली आणि तिच्याखाली आपल्या अक्षरात लिहिलं, लिहिणाऱ्याची सही. पुढं रिटायर होईपर्यंत त्यांनी वाटलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर ती रेघ होती. मी सही केली.

"आता वाचून दाखव," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्यानं. त्या दिशी शाळंत बोललीस तितक्या मोठ्यानं."

मी वाचलं. ठिकाणापासून शेऱ्यापर्यंत, एकही शब्द न गाळता. मग खाली आले. लिहिणाऱ्याची सही म्हटलं आणि माझं पूर्ण नाव घेतलं, नवऱ्याच्या आणि सासरच्या नावासकट. कुणी हसलं नाही. सासूबाईंनी माझ्या हातातनं चिठ्ठी घेतली, उलटसुलट करून बघितली, वाचता येत असल्यासारखी, आणि बाटलीखाली ठेवली.

"हां," त्या म्हणाल्या. "आता पानं वाढायला घे. आन् पोळ्या कुणी लाटल्यात गं? कडंला जाड ऱ्हायल्यात."